गिटार बदलली, पॅच तोच: प्रोसेसर वापरताना या चुका टाळा

नवा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर, म्हणजे गिटारच्या आवाजावर अनेक इफेक्ट चढवणारा डबा, घरी आला की आठ-दहा दिवस पॅच, म्हणजे त्या इफेक्टांच्या साठवलेल्या जुळण्या, बनवण्यात जातात. मग मित्राची गिटार लावून बघतो, तर तोच पॅच एकतर फाटतो नाहीतर अगदीच मरगळलेला वाजतो, आणि शिव्या खातो प्रोसेसर. पण पॅच तुमच्या गिटारच्या मापाने शिवलेला असतो, दुसरीच्या अंगाला तो बसेलच असं नाही.

माझी फजिती सांगतो. गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमासाठी सगळे पॅच सिंगल कॉइलच्या (तारांचं कंपन टिपणारा पिकअप एकेरी गुंडाळीचा असलेल्या) स्ट्रॅट गिटारवर बसवले होते. मध्येच तार तुटली, म्हणून हंबकरवाली, म्हणजे दुहेरी गुंडाळीच्या जोरकस पिकअपची, गिटार उचलली. मघापर्यंत ज्या पॅचवर स्वच्छ कॉर्ड वाजत होते, त्याच पॅचवर खरखर सुरू झाली आणि आवाजाचे चढ-उतार सपाट करणारा कॉम्प्रेसर सूर दाबूनच धरायला लागला. घाईत मी मास्टर व्हॉल्यूम कमी केला. आवाज लहान झाला, फाटका तसाच राहिला.

कारण मास्टर साखळीच्या शेवटी असतो आणि बिघाड सुरुवातीला. ड्राइव्ह (आवाज फाडणारा), कॉम्प्रेसर, नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा), ऑटो-वा (छेडण्याच्या जोरावर ‘वा’ असा आवाज काढणारा) ही मंडळी आत येणाऱ्या सिग्नलच्या जोरावर चालतात. तो जोर बदलला की सगळ्यांचं गणित चुकतं. म्हणून एकेक पॅच दुरुस्त करत बसू नका. सिस्टिम मेनूमध्ये इनपुट लेव्हल किंवा पॅड (आत येणारा सिग्नल उतरवणारी सोय) असेल तर तिथेच फरक भरून काढा. नसेल तर सर्वांत आधी एक साधा ईक्यू (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारा) ब्लॉक ठेवा आणि जोरकस गिटारसाठी त्याची लेव्हल उतरवा. मी सगळे इफेक्ट बंद करतो, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडतो, ब्रिज पिकअपवर ई कॉर्ड जोरात छेडतो आणि मीटर बघतो. मग दुसऱ्या गिटारवर तेच. इनपुटचा लाल दिवाच लागत असेल, तर आतला कुठलाही ब्लॉक कामाचा नाही, कारण सिग्नल दारातच छाटला गेलेला असतो. तेव्हा पिकअपचे स्क्रू थोडे फिरवून तो तारांपासून खाली घ्यायचा.

गेटचं उलटं होतं. सिंगल कॉइलची ५० हर्ट्झची घूं अडवायला थ्रेशोल्ड, म्हणजे गेट बंद होण्याची पातळी, चढवलेला असतो. हंबकर तर ती घूं घालवण्यासाठीच जन्माला आला (गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता). त्यामुळे हंबकरवर तो चढा थ्रेशोल्ड फुकटच लांब सुरांच्या शेपट्या खातो.

बेसवाल्यांचे हाल सर्वांत जास्त. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झवर, बेसची ४१ वर आणि पाच तारांच्या बेसची बी जेमतेम ३१ वर. गिटारचा कॅबिनेट सिम्युलेटर (स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारा ब्लॉक) एवढं खाली जातच नाही. ट्यूबस्क्रीमर या पेडलच्या जातीचा ओव्हरड्राइव्ह तर साधारण ७२० हर्ट्झच्या खाली फारसा फाडतच नाही, त्यामुळे बेसचा पाया पातळ होतो आणि वर नुसती भुणभुण उरते. कॅबिनेट बेसचा निवडा. सिग्नल दोन वाटांनी न्या: २००-२५० हर्ट्झच्या खालचा भाग कोरा आणि वरचा ड्राइव्हमधून. एवढी सोय नसेल तर निदान ड्राइव्हमधला ब्लेंड (कोऱ्या आणि फाटक्या आवाजाचं मिश्रण) अर्ध्यावर आणा. ऑक्टेव्ह किंवा सिंथ इफेक्ट खालच्या सुरांवर अडखळला तर त्याला दोष देऊ नका. ४१ हर्ट्झचं एक आवर्तन पुरं व्हायलाच सुमारे २४ मिलिसेकंद लागतात, मग सूर ओळखणार कधी? असले तुकडे बाराव्या फ्रेटच्या आसपास वाजवा.

पिझो (चुंबकाऐवजी दाबावर चालणाऱ्या) पिकअपच्या अकूस्टिक गिटारला अँप आणि कॅबिनेट दोन्ही बंद. इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा इनपुटचा विद्युत अडथळा) निवडता येत असेल तर सर्वांत चढा, नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो.

आणि ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, बेस अचानक किरकिरायला लागला, तर मेनूत शिरण्याआधी त्याची नऊ व्होल्टची बॅटरी बदलून बघा. मी एकदा दोन संध्याकाळी मेनूतच घालवल्या होत्या. वाजवून झालं की जॅकही उपसून ठेवा. बहुतेक ॲक्टिव्ह वाद्यांत जॅक आत असेपर्यंत बॅटरी जळतच राहते.