हिगुराशी बघायचीये? मग आधी क्रम नीट लावून घ्या

'हिगुराशी नो नाकु कोरो नि' ही जपानी हॉरर-रहस्य अ‍ॅनिमे मालिका नुसती सर्च केली की बऱ्याचदा २०२० चा चकचकीत सीझन आधी समोर येतो आणि लोकं तिथूनच सुरू करतात. प्लीज तसं करू नका. तो दिसतो रिमेकसारखा, तीच पोरं, तेच हिनामिझावा गाव, पहिला एपिसोड तर जवळपास जुन्यासारखाच, आणि सुरू झाला तेव्हा सांगितलंही तसंच होतं की जुनीच गोष्ट नव्यानं बनवलीये. पण दुसऱ्या एपिसोडला कळलं की याचं नाव 'गो' आहे आणि ही जुन्या गोष्टीच्या पुढची गोष्ट आहे. तिथे त्या पोरांमधल्या रिकाचा एक सीन आहे, जुनं बघितलेल्यांच्या अंगावर काटा येतो आणि नवीन माणसाला ती काय बोलतेय तेच कळत नाही, वर जुन्या सीझनमधलं एक मोठं रहस्य फुकट फुटतं ते वेगळंच.

म्हणून अ‍ॅपवरचा सीझन नंबर बघू नका, साल बघा. २००६ चा पहिला सीझन, २६ एपिसोड, स्टुडिओ डीनचा. मग २००७ चं 'काई', २४ एपिसोड. मग २००९ चं 'रेई', ५ ओव्हीए (म्हणजे टीव्हीऐवजी थेट डीव्हीडीवर आलेले एपिसोड). त्यानंतरच २०२०-२१ चं 'गो' (२४) आणि २०२१ चं 'सोत्सु' (१५). मुख्य क्रम एवढाच.

आता पहिला सीझन, कारण खरी गडबड इथेच होते. चौथ्या एपिसोडला गोष्ट भयानक पद्धतीनं संपते आणि पाचव्याला सगळे परत हसत खेळत, जसं काही झालंच नाही. अर्ध्या लोकांना वाटतं आपला एखादा एपिसोड सुटला. काही सुटलेलं नाही. ही मुळात र्‍यूकिशी०७ या लेखकाची गेम, २००२ ते २००६ मधे आठ भागांत आली, चार भाग प्रश्नांचे आणि चार उत्तरांचे, आणि जवळपास प्रत्येक भागात १९८३ चा जूनच पुन्हा येतो. अ‍ॅनिमेनं तोच क्रम धरलाय. एपिसोड १ ते ४ म्हणजे ओनिकाकुशी हा भाग, ५ ते ८ वातानागाशी, ९ ते १३ तातारिगोरोशी, १४-१५ हिमात्सुबुशी, हे झाले प्रश्न. १६ ते २१ मेआकाशी आणि २२ ते २६ त्सुमिहोरोबोशी ही उत्तरं, पण सगळी नाहीत, बाकीची काईमधे.

एक आयडिया पुष्कळ जणांना येते की मेआकाशी हे वातानागाशीचं उत्तर आहे ना, मग ८ नंतर डायरेक्ट १६ लावू. नका लावू. तुम्ही मधे जे चुकीचे अंदाज बांधता, याच्यावर संशय घे, तिच्यावर घे, त्यावरच तर सगळी मजा उभी आहे. आणि १४-१५ स्किप करू नका, ते १९७८ मधे जातात आणि टोकियोचा पोलीस आकासाका एकदम मधेच येतो म्हणून फ्लॅशबॅक वाटतात, पण काईमधे त्यांचं महत्त्व कळतं. तारखेप्रमाणे लावायचं म्हणून तेच दोन सगळ्यात आधी बघायचे, हेही नको.

माझा आग्रह एवढाच की एक भाग एका बैठकीत बघा, ४-५ एपिसोड म्हणजे साधारण दीड-दोन तास, आणि संपला की मोबाईलमधे चार ओळी टाइप करून ठेवा. जूनमधल्या वातानागाशी उत्सवाच्या रात्री कोण कुठे होतं, फोटोग्राफर तोमिताके आणि नर्स ताकानो यांचं काय झालं, आणि मागच्या भागापेक्षा काय बदललं आणि काय तसंच राहिलं. तिसऱ्या भागापर्यंत त्या नोट्सच तुमच्याशी बोलायला लागतात. पात्रांची नावं मात्र गूगल करू नका, सर्चच्या सजेशनमधेच स्पॉयलर असतात.

आणि हे सिरियसली सांगतोय, तातारिगोरोशीमधे लहान मुलीचा छळ आहे आणि मेआकाशीमधे टॉर्चर, दोन्ही बघायला खूप जड आहेत. त्रास होत असेल तर थांबा, दुसऱ्या दिवशी बघा.

काई सुरू केलं की २ ते ५ मधला याकुसामाशी हा भाग मूळ गेममधे नाही, अ‍ॅनिमेसाठी केलाय, थोडा हळू वाटेल पण सोडू नका. ६ ते १३ मिनागोरोशी आणि १४ ते २४ मात्सुरिबायाशी, इथे गोष्ट खरोखर पूर्ण होते. इथे थांबलात तरी काहीच अर्धवट राहत नाही, आणि माझ्या मते हिगुराशीचा सगळ्यात भारी भाग हाच.

रेईमधले २ ते ४ (साइकोरोशी) नक्की बघा, गो कळायला त्याची मदत होते, १ आणि ५ निव्वळ टाइमपास आहेत. २००७ चा नेकोगोरोशी नावाचा छोटा स्पेशल मिळाला तर काईच्या आधी बघा, नाही मिळाला तरी चालेल, फक्त गोमधल्या नेकोदामाशीशी त्याची गल्लत करू नका. २०११-१२ चं 'किरा' (हेही ओव्हीए) सोडून दिलं तरी काही बिघडत नाही.

गो आणि सोत्सुमधे मात्र मोठी गॅप ठेवू नका. सोत्सुचा सुरुवातीचा बराच भाग गोमधल्याच घटना दुसऱ्या बाजूनं दाखवतो, आणि गोमधलं कोण कधी काय बोललं ते डोक्यात ताजं नसेल तर तेच तेच परत बघतोय असं वाटून कंटाळा येतो.