पुराच्या पातळीसाठी मॅस्टोडॉन: खातं कसं काढायचं

जुलै २०२१ च्या पुरात मी सांगलीत सूर्यवंशी प्लॉटातल्या घरात सामान माळ्यावर चढवत होतो आणि मधेमधे मोबाईलवर, सोशल मीडियावर, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी बघत होतो. सगळ्यात वर दिसत होती ती पोस्ट आदल्या रात्रीची! लाइक जास्त पडले, म्हणून वर. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. अशा वेळी शिळा आकडा घेऊन करायचं काय? मॅस्टोडॉन हाही सोशल मीडियाच, पण त्याच्या होम पानावर पोस्टी वेळेप्रमाणे लागतात, नवी वर. मला तेवढंच पाहिजे होतं.

खातं काढायचं तर आधी सर्व्हर, म्हणजे खातं ज्या कॉम्प्युटरवर राहणार तो, निवडावा लागतो. तिथंच लोक घाबरतात. मॅस्टोडॉन ही एकच साइट नाही. जर्मनीतल्या ऑयगन रोश्कोनं २०१६ मध्ये काढलेलं हे सॉफ्टवेअर कुणीही आपल्या सर्व्हरवर चालवू शकतो. ईमेल तुमचा एका कंपनीचा, माझा दुसऱ्या कंपनीचा, तरी पोचतो ना? तसंच. जॉइनमॅस्टोडॉन डॉट ऑर्गवर यादी आहे. नियम वाचा, सर्व्हर किती वर्षं चालू आहे ते बघा. स्वतःचा सर्व्हर काढायच्या नादाला लगेच लागू नका. मी लागलो होतो, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर. पुरात सगळ्यात आधी लाइट जाते हे डोक्यातच आलं नाही.

खातं झालं की गल्लीतल्यांनी एकमेकांना फॉलो करायचं. नुसत्या हॅशटॅगवर विसंबू नका. छोट्या सर्व्हरवर हॅशटॅग शोधला तर त्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्याच पोस्टी दिसतात, बाकीच्या नाहीत. आम्ही दोन दिवस "काहीच येत नाही" म्हणून एकमेकांवर चिडलो होतो, ते यामुळंच.

अजून एक गोम आहे. कुणी जुनी पोस्ट बूस्ट केली, म्हणजे आपल्या फॉलोअरना पुढं पाठवली, तर ती बूस्टच्या वेळेला वर येते, म्हणजे मूळ दुखणं मागच्या दारानं परत. म्हणून वेळ मजकुरातच घाला. मी असं लिहितो: "मंगळवार, सकाळी ६.१०. आयर्विन ३१ फूट ४ इंच. चढतंय." ५०० अक्षरं मिळतात, पण पुरात कोण वाचत बसणार?

खासगी मेसेजमध्ये बँकेचं, आधारचं काही टाकू नका. सर्व्हर चालवणाऱ्याला ते वाचता येऊ शकतं. सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत नेता येतात, पोस्टी मात्र जुन्या जागीच राहतात. त्यामुळं सेटिंगमधून अधूनमधून आपला संग्रह उतरवून ठेवा.

शेजारच्या काकूंनी खातं काढलं नाही, "मला नको तुझं ते हत्तीचं" म्हणाल्या (मॅस्टोडॉन हा हत्तीसारखा जुना प्राणी, त्यावरून). माझ्या प्रोफाइलची लिंक त्यांना व्हॉट्सॲपवर दिली. ती खात्याशिवाय उघडते. पावसाळ्यात पहाटे त्यांचाच फोन येतो: "सहाची अजून टाकली नाहीस रे?"