नोकरी सांभाळून दोन पदव्या कशा कराव्यात

अमळनेरला अडतीच्या दुकानात जमाखर्च लिहिता लिहिता मी चाळिशीत दोन पदव्या सोबतच करायला घेतल्या. सासूबाई अहिराणीत म्हणाल्या, "आते काय शिकस व माय?" त्यांनी विषय विचारला की वय काढलं, ते अजून कळलेलं नाही.

नियमाची अडचण नाही. १३ एप्रिल २०२२ रोजी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली. दोन्ही नियमित (तासांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर), एक नियमित आणि एक दूरस्थ, किंवा दोन्ही दूरस्थ वा ऑनलाइन. पीएचडी यात बसत नाही. शिवाय प्रत्येक विद्यापीठाने आपापले नियम करायचे असतात, म्हणून जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेज असेल तर तिथल्या कार्यालयात विचारूनच पुढे जा. नोकरदाराने दोन नियमित पदव्यांच्या फंदात पडू नये, असं माझं मत. एक दूरस्थ हवीच. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं आपल्याकडच्या कॉलेजांत असतात, दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नूही आहे.

फी भरण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव आणि तुमचा नेमका अभ्यासक्रम, दोन्ही शोधा. नुसतं विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही. इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंगची पदवी कुणी घरबसल्या देतो म्हणाला, तर चहा पिऊन निघून या.

मग कागदपत्रं. खरी दमछाक इथेच होते. आधी एबीसी आयडी (शिक्षणातले क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) काढायचा, त्यावरून डेब आयडी (त्याच दूरस्थ शिक्षण विभागाचा क्रमांक), आणि त्याशिवाय दूरस्थ प्रवेश होत नाही. नाव आधारवर आहे तसंच लागतं. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. राजपत्रात नावबदल छापून आणण्यात महिना गेला. लग्न झालेल्या बायांनी हे काम प्रवेश सुरू व्हायच्या आधीच उरकावं. मूळ टीसी पहिल्या कॉलेजात जमा होतो, तेव्हा त्याच्या साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवा. ज्यांच्या नावाचं जळगावचं विद्यापीठ, त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं; आपल्याला तिथे शिकायचं तर झेरॉक्सवाल्याकडे खातं उघडावं लागतं.

विषय निवडताना एक ओळखीचा आणि एक नवा घ्या. मी वाणिज्य आणि मराठी घेतलं. हिशेबाचा अभ्यास दुकानातच व्हायचा, त्यामुळे रात्रीचा दीड तास मराठीला मिळायचा. स्वाध्याय मात्र शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. कापसाच्या हंगामात दुकानातून नऊच्या आत सुटका नाही, म्हणून मी ते दिवाळीआधीच लिहून टाकायचे.

आणि परीक्षा. पहिल्या वर्षी मी इथेच आपटले. सकाळचा पेपर अमळनेरला, त्याच दुपारचा जळगावला. मधली गाडी धरणगावला थांबली ती थांबलीच. दुसरा पेपर बुडाला, तो पुढच्या सत्रात दिला. विद्यापीठं एकमेकांचं वेळापत्रक बघत नाहीत, ते आपणच बघायचं. मागच्या दोन वर्षांची दोन्हीकडची वेळापत्रकं काढा आणि एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. तारखा भिडत असतील तर एका पदवीचे काही पेपर मुद्दाम पुढच्या सत्राला ठेवता येतात का, ते अभ्यासकेंद्रावर विचारा. परगावी सकाळचा पेपर असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. मेमध्ये जायचं तर सोबत कांदा, पाण्याची मोठी बाटली आणि दोन हॉलतिकिटं वेगवेगळ्या पिशव्यांत. मी एकदा चुकीचं दाखवलं होतं.