परफॉर्मन्स क्लच घेताना या चुका टाळा: पकडही हवी, घसरणही हवी

टर्बोचा दाब वाढवला, इंजिनात बदल केले किंवा नुसता रीमॅप (इंजिन चालवणाऱ्या संगणकातल्या आकड्यांचा बदल) केला, की मॅन्युअल गाडीत बहुतेक वेळा सर्वांत आधी क्लच हार मानतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाचे फेरे भराभर चढतात, गाडीचा वेग मात्र तिथेच रेंगाळतो आणि थोड्या वेळाने जळका वास येऊ लागतो. मग मालक बाजारातला सर्वांत कडक क्लच शोधायला निघतो आणि निम्म्या चुका तिथेच होतात. क्लचला दोन परस्परविरोधी कामे करायची असतात: गाडी जागेवरून हलताना त्याने चालकाच्या ताब्यात राहून घसरायचे असते आणि पेडल पूर्ण सोडल्यावर तसूभरही घसरायचे नसते. दुसरे काम आकड्यात सांगता येते, म्हणून खोक्यावर तेच छापलेले असते. पहिल्या कामाची किंमत रोज गाडी चालवू लागल्यावर कळते आणि तोवर गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची वेळ आलेली असते.

अश्वशक्ती पाहून क्लच निवडणे

क्लचवर येणारा भार टॉर्कचा, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचा असतो, अश्वशक्तीचा नव्हे. मिनिटाला २००० फेऱ्यांवर ४०० न्यूटन-मीटर देणारे डिझेल इंजिन त्या क्षणी जेमतेम ८४ किलोवॅट शक्ती देत असते, तर ७००० फेऱ्यांवर २०० न्यूटन-मीटर देणारे पेट्रोल इंजिन सुमारे १४७ किलोवॅट देते. कागदावर दुसरे इंजिन बरेच जोरदार दिसते, पण दुप्पट क्षमतेचा क्लच पहिल्याला लागतो. रीमॅप केलेल्या टर्बो गाड्यांचा मूळ क्लच अश्वशक्तीत फारशी वाढ नसतानाही घसरू लागतो, याचे कारण हेच आहे. वाढ खालच्या फेऱ्यांवरच्या टॉर्कमध्ये झालेली असते.

क्लचची क्षमता चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: घर्षण होणाऱ्या पृष्ठांची संख्या, घर्षण गुणांक, प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चकतीवर, दाबून धरणाऱ्या भागाचे) दाबणारे बल आणि घर्षणपट्ट्याची सरासरी त्रिज्या. उदाहरणार्थ, २४० मिलिमीटर बाह्य आणि १६० मिलिमीटर आतील व्यासाची एकच क्लच प्लेट घेतली, तर सरासरी त्रिज्या ०.१ मीटर येते. पृष्ठे दोन, घर्षण गुणांक ०.३ आणि बल ५००० न्यूटन धरले, तर क्षमता ३०० न्यूटन-मीटर होते. या गुणाकारात अस्तराचे, म्हणजे प्लेटवरच्या घर्षणाच्या थराचे, क्षेत्रफळ कुठेच नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. तीन किंवा सहा तुकड्यांची, पाकळ्यांसारखी दिसणारी प्लेट जास्त टॉर्क पेलते ती त्या आकारामुळे नव्हे, तर तुकड्यांच्या मालामुळे आणि सोबतच्या कडक प्रेशर प्लेटमुळे. कमी क्षेत्रफळाने प्लेट हलकी होते हा फायदा खरा, पण उष्णता आणि झीज थोड्याच जागेत एकवटते.

इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा साधारण २० ते ३० टक्के अधिक क्षमता पुरेशी असते. मात्र आकडा नेमका कशाचा आहे, हे आधी तपासावे. गाडीची चाके रोलरवर फिरवून मोजलेला टॉर्क चाकांवरचा असतो आणि तो फ्लायव्हीलवरच्या टॉर्कपेक्षा कमी भरतो, तर क्लचची क्षमता काही उत्पादक फ्लायव्हीलवरची सांगतात आणि काही चाकांवरची. एककांचा घोळ तर नेहमीचाच आहे. ३०० पाउंड-फूट म्हणजे सुमारे ४०७ न्यूटन-मीटर, त्यामुळे एकक न वाचता केलेली तुलना एक-तृतीयांशाहून अधिक चुकू शकते.

‘स्टेज’ हे मोजमाप समजणे

स्टेज एक, दोन, तीन या कडकपणाच्या पायऱ्यांना कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. एका उत्पादकाचा दुसरा टप्पा दुसऱ्याच्या तिसऱ्यापेक्षा कडक असू शकतो. टॉर्क क्षमता, अस्तराचा माल, प्लेटच्या मध्यभागाची रचना आणि पेडलला लागणारे बल या चार गोष्टी विक्रेत्याला सांगता येत नसतील, तर ते क्लच संच घेऊ नये, असे माझे मत आहे.

वापर न पाहता अस्तराचा माल ठरवणे

रोजच्या गाडीसाठी सेंद्रिय अस्तर अजूनही सर्वांत समजूतदार ठरते. ते हळुवार पकडते, फ्लायव्हीलला फारसे खात नाही आणि थोडे तापले तरी थंड झाल्यावर बऱ्याच अंशी सावरते. केव्हलारचे अस्तर तितकेच सौम्य आणि जास्त टिकाऊ असते, पण त्याला मुरण्यासाठी, म्हणजे समोरच्या पृष्ठाशी रुळण्यासाठी, अधिक अंतर लागते आणि त्याचा अतितापाशी उभा दावा आहे. एकदा पृष्ठावर काचेसारखी चकाकी आली की गेलेली पकड सहसा परत येत नाही. वाहतुकीच्या कोंडीत अर्ध्या क्लचवर गाडी रेटण्याची सवय असलेल्याने त्यापासून दूर राहावे.

धातू आणि सिरॅमिक यांच्या मिश्रणाचे तुकडे भरपूर उष्णता सोसतात आणि त्यांची पकडही जबर असते. पण पेडल सोडताना पकड येण्याचा पल्ला इतका अरुंद होतो, की गाडी हलते तरी किंवा झटका देऊन बंद तरी पडते. चढावर किंवा रिव्हर्समध्ये इंच-इंच सरकताना हा त्रास सर्वांत जास्त जाणवतो. लोह-आधारित सिंटर्ड (भुकटी दाबून-तापवून बनवलेले) अस्तर आणि कार्बन हे मुख्यतः शर्यतीच्या ट्रॅकसाठी असतात. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणारा आणि उरलेले दिवस कामावर ये-जा करणारा माणूस ट्रॅकचा क्लच बसवतो, तेव्हा त्या दोन दिवसांची शिक्षा तो उरलेले सगळे दिवस भोगतो.

टॉर्क फारच जास्त असेल, तर माल अधिकाधिक कडक करण्यापेक्षा दोन प्लेटांचा क्लच पाहावा. पृष्ठे दोनाची चार होतात आणि तेवढ्याच बलावर क्षमता दुप्पट होते, त्यामुळे अस्तर सौम्य ठेवता येते आणि पेडलही हलके राहते. किंमत, न्यूट्रलमध्ये येणारा खुळखुळाट आणि बसवण्यातला काटेकोरपणा ही त्याची दुसरी बाजू आहे. तरीही मोठ्या टॉर्कच्या रस्त्यावरच्या गाडीसाठी मी कडक सिरॅमिक प्लेटपेक्षा यालाच पसंती देईन.

उष्णतेचा हिशेब न करणे

क्लच टॉर्कने घसरतो, पण मरतो उष्णतेने. सपाट रस्त्यावर इंजिनाचे फेरे स्थिर धरून गाडी निघाली, तर क्लचच्या दोन्ही बाजूंचा वेग जुळेपर्यंत गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, जवळपास तितकीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णतेच्या रूपाने मुरते. १४०० किलोची गाडी ताशी १८ किलोमीटरला जुळली, तर ही उष्णता सुमारे १७.५ किलोज्यूल असते. त्याच गिअरमध्ये दुप्पट फेऱ्यांवर क्लच सोडला, तर वेग ३६ ला जुळतो आणि उष्णता ७० किलोज्यूल होते. फेरे दुप्पट झाले की उष्णता चौपट होते. वेगवान प्रारंभाचा सराव लागोपाठ चार-पाच वेळा करणारा चालक पुरेशा क्षमतेचा क्लचही एका दुपारी जाळू शकतो, आणि दोष मात्र क्लचच्या माथी येतो. मोठी चाके लावणे, ओढगाडी जोडणे आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणे यांनीही हेच घडते.

प्रेशर प्लेटचे बल वाढवून बाकीचे विसरणे

दाबणारे बल वाढवले की क्षमता त्याच प्रमाणात वाढते, म्हणून हा सोपा मार्ग वाटतो. पण ते बल उचलण्याचे काम पेडलचा दाब प्रेशर प्लेटपर्यंत नेणाऱ्या रिलीज बेअरिंग, फोर्क आणि हायड्रॉलिक सिलिंडर यांना करावे लागते, आणि पेडल दाबलेले असताना त्याची प्रतिक्रिया क्रँकशाफ्टला लांबीच्या दिशेने ढकलते. सिग्नलवर पेडल दाबून थांबण्याची सवय असेल, तर क्रँकला लांबीच्या दिशेने सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगची झीज वाढते, आणि ती दुरुस्ती क्लचच्या कितीतरी पट महाग पडते. कडक प्रेशर प्लेटसोबत जुनाच रिलीज बेअरिंग ठेवणे ही तर खोटी काटकसर आहे.

क्लच आता घसरत नाही म्हणजे टॉर्कचा धक्का पुढे जातो, याचाही विचार आधीच करावा. मूळ क्लच नकळत फ्यूजचे काम करत असतो. तो काढून टाकल्यावर पुढचा कच्चा दुवा गिअरबॉक्स, डिफरन्शियल किंवा ड्राइव्हशाफ्टचा सांधा असतो.

फ्लायव्हील आणि प्लेट यांची जोडी मोडणे

जर्मनीच्या लूक कंपनीने १९८५ साली ड्युअल मास फ्लायव्हील (स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांचे) मोठ्या उत्पादनात आणले आणि तेव्हापासून इंजिनाचे टॉर्कमधले हेलकावे जिरवण्याचे काम अनेक गाड्यांत फ्लायव्हीलमधल्या स्प्रिंगांकडे गेले. अशा गाड्यांत क्लच प्लेटच्या मध्यभागी बऱ्याचदा स्प्रिंगा नसतात. ते फ्लायव्हील काढून एकसंध फ्लायव्हील बसवायचे असेल, तर प्लेट स्प्रिंगांच्या मध्यभागाचीच घ्यावी. दोन्हीकडच्या स्प्रिंगा गेल्या, तर कमी फेऱ्यांवर गिअरबॉक्स खडखडू लागतो आणि मालक बिघाड नसलेला गिअरबॉक्स उघडायला निघतो.

हलक्या फ्लायव्हीलने इंजिनाचे फेरे पटकन चढतात-उतरतात, पण जडत्व कमी झाल्याने गाडी उचलताना इंजिन लवकर बंद पडते. याउलट जड क्लच प्लेट सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) त्रास देते, कारण गिअर बदलताना ती प्लेटही त्यांनाच आवरावी लागते. जुने फ्लायव्हील ठेवणार असाल, तर त्याचे पृष्ठ घासून सपाट करावे. प्रेशर प्लेट जिथे बसते तो भाग घर्षणपृष्ठापेक्षा वेगळ्या पातळीवर असेल, तर दोन्ही सारखेच घासावे लागतात, नाहीतर दाबणारे बलच बदलते. निळे डाग आणि बारीक भेगा खोलवर असतील, तर फ्लायव्हील बदलणेच बरे.

बसवतानाच्या चुका

नव्या प्रेशर प्लेटवर गंज टाळण्यासाठी तेलाचा पातळ थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसला नाही, तर तेच तेल अस्तरात मुरते. स्प्लाइनवर (प्लेट ज्यावर सरकते त्या शाफ्टच्या खाचांवर) ग्रीस नावापुरतेच लावावे, कारण जास्तीचे ग्रीस फिरताना उडून प्लेटवरच जाते. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा लिहिलेली असते, तरी उलटी बसवलेली प्लेट काही दुर्मीळ नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे-थोडे आवळत न्यावेत. एकच बाजू आधी आवळली, की कव्हर वाकते आणि क्लच नीट सुटत नाही. गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकचे मागचे सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील आणि असल्यास पायलट बेअरिंग पाहून घ्यावे, कारण सीलमधून झिरपणारे तेल सर्वांत महाग क्लचचीही माती करते.

निदान न करता गिअरबॉक्स उतरवणे

तक्रार तीनपैकी कोणती आहे, हे आधी ठरवावे. क्लच घसरतो का, हे पाहण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये, कमाल टॉर्कच्या थोड्या खालच्या फेऱ्यांपासून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेरे वेगाशी फारकत घेऊन चढले, तर क्लच घसरतो आहे. नव्या क्लचबाबत असे झाले, तर पेडलला मोकळा पल्ला उरला आहे का, हे प्रथम पाहावे. तो नसेल, तर रिलीज बेअरिंग डायफ्रॅमला, म्हणजे प्रेशर प्लेटच्या चकतीसारख्या स्प्रिंगला, सतत टेकलेले राहते आणि बल पूर्ण मिळत नाही.

दुसरी तक्रार क्लच पूर्ण न सुटण्याची असते. इंजिन चालू ठेवून पेडल दाबावे, काही सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. खरखर झाली, तर प्लेट अजून फिरते आहे. बहुतेक वेळा दोष क्लचचा नसून हायड्रॉलिकमध्ये उरलेल्या हवेचा, ओलावा शोषलेल्या जुन्या ब्रेक फ्लुइडचा किंवा गळक्या सिलिंडरचा असतो. दोन-तीन वेळा पेडल मारल्यावर गिअर पडत असेल, तर संशय तिथेच घ्यावा. मात्र पल्ला वाढवण्याच्या नादात पेडल जास्तच खाली जाऊ देऊ नये, कारण डायफ्रॅमची बोटे मर्यादेबाहेर ढकलली गेली की त्यांची किंवा सिलिंडरच्या सीलची वाट लागते.

तिसरी तक्रार गाडी उचलताना थरथरण्याची असते. तेलाने माखलेली प्लेट, वाकडे फ्लायव्हील आणि ढिली इंजिन माउंटिंग अशी तिची तीन मुख्य कारणे आहेत. माउंटिंग गिअरबॉक्सला हात न लावता तपासता येते, म्हणून सुरुवात तिथून करावी. सिरॅमिक तुकड्यांची थोडी थरथर हा मात्र त्या मालाचा स्वभावच असतो आणि कोणत्याही समायोजनाने ती जात नाही.

नव्या क्लचला मुरू न देणे हेही या तक्रारींचे मोठे कारण असते. सेंद्रिय अस्तराला साधारण ८०० किलोमीटर लागतात आणि तेही गिअर वारंवार बदलावे लागतील अशा वाहतुकीत. महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये काढलेले अंतर त्यात धरू नये, कारण तिथे क्लच घसरतच नाही आणि पृष्ठे एकमेकांना रुळत नाहीत. या काळात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नये आणि वरच्या गिअरमधली चाचणीही करू नये. अस्तर अर्धवट बसलेले असताना थोडी घसरण दिसणारच, आणि ती तपासण्याच्या नादातच पृष्ठ चकाकते.