चिखलदऱ्याला एसटीनं जायचंय? आधी परतीचं बघा

चिखलदऱ्याच्या घाटाखालच्या परतवाडा स्टँडवर उतरलं की चौकशीच्या खिडकीत सगळे विचारतात, वर जायला गाडी कधी आहे. तुम्ही उलटं विचारा: वरून खाली यायला शेवटची गाडी कधी? चिखलदऱ्याची तयारी तिथून सुरू होते. बॅग, स्वेटर, खाऊ हे सगळं त्यानंतर.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी रस्ता असा. मुंबई-हावडा मार्गावर बडनेरा, तिथून अमरावती, अमरावतीहून परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर आणि पुढं तीसेक किलोमीटरचा घाट. अमरावतीहून थेट गाड्या आहेत, पण त्यांच्यासाठी दोन तास थांबण्यापेक्षा परतवाड्याला येऊन पडावं. परतवाड्याच्या गाड्या सतत सुटतात. वर चढायला दोन वाटा, एक धामणगाव गढीवरून, दुसरी घटांगवरून. आपली गाडी कुठून जाणार हे पाटीवर नसलं तर कंडक्टरला विचारून घ्या, कारण मधल्या एखाद्या गावात उतरायचा बेत असेल तर इथंच घोटाळा होतो.

परतीचा एवढा घोर कशासाठी, तेही सांगतो. डोंगरातल्या गाड्या पर्यटकासाठी नसतात. त्या शेतकऱ्यासाठी, शाळेच्या पोरांसाठी, बाजारासाठी असतात. संध्याकाळी मुक्कामी गाडी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी गावकऱ्यांना घेऊन खाली उतरते. म्हणजे माणसं सकाळी खाली, रात्री वर. आपल्याला सकाळी वर जायचं असतं आणि संध्याकाळी खाली. आपण सगळ्या वेळापत्रकाच्या उलटे चाललेले असतो. म्हणून एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट सोडा, एक रात्र वर काढा. पहाटेची उतरणारी गाडी मग आपलीच.

दुसरी गोष्ट वाराची. हे मी मोथ्याला शिकलो. मोथा म्हणजे चिखलदऱ्याच्या अलीकडचं गवळ्यांचं गाव, दूध-खव्याचं, आणि आता स्ट्रॉबेरीचंही. आदल्या दिवशी, शनिवारी, मानव विकासची निळी गाडी तिथून जाताना बघितली होती, त्या भरवशावर रविवारी फाट्यावर उभा राहिलो. हातात दोन किलो बटाटे. तासभर गेला. शेवटी समोरच्या ओट्यावर बसलेल्या आजीला दया आली. म्हणाली, "आज आयतवार हाय ना बाप्पा! शाया बंद, पोरी घरी. गाडी काऊन येईन?" ती गाडी शाळेच्या मुलींसाठी धावते हे मला ठाऊक होतं, फक्त रविवारशी जोडता आलं नव्हतं. खाली आलो दुधाच्या गाडीत, कॅनांना टेकून. तेव्हा वार बघा, शाळेच्या सुट्ट्या बघा आणि आठवडी बाजार कुठल्या वारी आहे तेही विचारून ठेवा. बाजाराच्या दिवशी गाडी मिळते, जागा मिळत नाही. परतवाड्याहून काळीपिवळ्याही वर जातात, पण त्या भरल्याशिवाय हलत नाहीत आणि अंधार पडल्यावर त्यांचा भरवसा धरू नये.

पैशांचं थोडक्यात. दहा-वीसच्या नोटा जवळ असू द्या. स्टँडवर फोननं पैसे देता येतात, घाटात रेंज गेली की कंडक्टर आणि तुम्ही दोघंही मशीनकडं बघत बसता. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्यांनाही अर्धं, आणि 75 पूर्ण झालेल्यांना मोफत. त्यासाठी ओळखपत्र लागतं, ते वरच्या बॅगेत नाही, खिशात ठेवा. लॉजवरही आधार कार्ड मागतातच. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी खोली आधी ठरवल्याशिवाय जाऊ नका, सगळा विदर्भ त्याच दोन दिवशी धुकं बघायला येतो. मी सांगेन की मंगळवार-बुधवार गाठा.

बॅग एकच, मांडीवर मावेल एवढी. चाकांची बॅग त्या गर्दीत फक्त शिव्या खाते. कपड्यांच्या बाबतीत अमरावतीचा अंदाज धरू नका. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री दोन पांघरुणं लागतात. पावसाळ्यात छत्री नेणाऱ्याची मला गंमत वाटते. देवी पॉइंटच्या वाऱ्यात ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते. रेनकोट आणि पकड असलेले बूट न्या. मोबाईल, पैसे, सुका टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्या, कारण धुकं कपाटातल्या कपड्यालाही ओलं करतं. घाट लागतो अशांनी परतवाड्याला भरपेट खाऊ नये. पुढच्या बाजूची जागा धरावी, तोंडात आवळा सुपारी किंवा लिंबू ठेवावं. हातातला खाऊ माकडांना दिसू देऊ नका. एवढं सांगूनही लोक दाखवतातच.

आता कशासाठी जायचं ते. पॉइंट बघाच, गाविलगडही बघा. 1803च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीनं जिंकलेला हा किल्ला फिरायला अर्धा दिवस जातो, आत पाणी विकत मिळेल असं धरू नका. पण एसटीनं गेल्याचा खरा फायदा शेतात आहे. मोटारवाला एका पॉइंटवरून दुसऱ्यावर पळतो, तुम्ही पायी असता. इंग्रजांच्या काळात इथं कॉफी लागली, ती अजून सावलीत उभी आहे. हिवाळ्यात फांदीला चिकटून लाल फळं दिसतात. एक फोडून बघायला मिळालं तर बघा. आत चिकट गोड गर, त्यात पाठीला पाठ नव्हे, पोटाला पोट लावून बसलेल्या दोन बिया, आणि कॉफीचा वास औषधालाही नाही. स्ट्रॉबेरी हवी तर जानेवारी-फेब्रुवारी गाठा. खालच्या गावांमध्ये कोरकू आदिवासींची मका, कुटकी, धानाची शेतं आहेत. बांधावर पाय ठेवण्याआधी रामराम घाला, विचारा. फोटो काढण्याआधी तर विचाराच, बायकांचे आणि पोरांचे विशेषतः. कोरकू भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' लावलं की अनेकवचन. कोरकू म्हणजे नुसतं 'माणसं'. एवढं ठाऊक असलं तरी बोलणं सुरू व्हायला पुरतं. मराठी सगळीकडं चालते, हिंदीही.

जाताना एक रिकामा स्टीलचा डबा घ्या, घट्ट झाकणाचा. घरचे हसतील. गवळ्याकडं खवा कढईतून काढताना मिळाला तर प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घाम सोडतो आणि घाट उतरेपर्यंत त्याचा लगदा होतो. डब्यातही झाकण लगेच लावू नका, आधी निवू द्या. आणि तो डबा पायाशी नको, मांडीवर. पहाटेच्या त्या गाडीत पायाशी दुधाच्या कॅना, कोंबड्या आणि कुणाच्या तरी मक्याचं पोतं असतं.