तेशुवा करायचीय? आधी स्वतःला शिव्या देणं थांबवा

ज्यू धर्मातली तेशुवा म्हणजे नुसता पश्चात्ताप नाही हं, हिब्रूत त्याचा अर्थ परत येणं, म्हणजे तुम्ही मुळात चांगलेच आहात, वाट चुकलात एवढंच. पापाला 'खेत' म्हणतात, तोही शब्द नेम हुकण्यावरूनच आलाय.

तर एलुल महिना लागला (रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या आधीचा) की एक वही घ्या. पण पहिल्या पानावर पापं नकोत! वर्षभरातलं एक तरी बरं काम लिहा, शेजारच्या आजींना दूध आणून दिलं एवढंही चालेल. १८१० मध्ये वारलेले रब्बी (ज्यू धर्मगुरू) नाखमान हेच शिकवायचे, स्वतःतला एक चांगला कण शोधा, मग दुसरा. मला आधी हे फाजील लाड वाटायचे, पण खरंच, मी वाईटच आहे असं धरून चाललं की माणूस सुधारायचे कष्टच घेत नाही.

मग चुकीकडे वळा. रंबाम या मध्ययुगीन ज्यू पंडिताच्या हिशोबाने ती सोडायची, मनापासून वाईट वाटू द्यायचं, देवासमोर तोंडाने कबूल करायची आणि पुन्हा नाही असं ठरवायचं. "मी नालायक आहे" ही कबुली नाही, "मंगळवारी बहिणीवर उगाच ओरडलो" ही कबुली.

माणसाला दुखावलं असेल तर योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, नुसत्या उपासाने भागत नाही, आधी जाऊन माफी मागा, नाहीच ऐकलं तर तीनदा. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना एकच फॉरवर्ड, हे मी तरी धरत नाही. आणि कोकणातले बेने इस्राएल ज्यू तर योम किप्पुरला दारं लावून घरात बसायचे, म्हणजे भेटीगाठी आदल्या दिवशीपर्यंतच उरका.