अंगात भीती बसलेली असताना कराटे-ज्युदोचा क्लास लावायचा असेल तर

मारहाण, छेडछाड, मोठा अपघात, लहानपणीचं काहीतरी, अशातनं गेलेल्या माणसाला कुणीतरी हमखास सांगतं की कराटे लाव, हिंमत येईल. सल्ला वाईट नाहीये पण अर्धाच आहे. जिचा कधीतरी खरोखर गळा धरला गेलाय तिला पहिल्याच आठवड्यात मागून गळा धरायच्या प्रॅक्टिसला उभं केलं तर हिंमत राहिली बाजूला, हातपाय गार पडतात, रडू फुटतं, आणि परत ती त्या क्लासच्या गल्लीतून पण जात नाही. म्हणून आधी काय बघायचं, काय बोलायचं ते लिहितेय.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ही भीती विचारांपेक्षा अंगात जास्त असते. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर लातूर-धाराशिवकडची लोकं कितीतरी दिवस घराबाहेरच झोपायची, ज्यांचं घर धड उभं होतं ती पण, कारण घर मजबूत आहे हे कळत असलं तरी अंगाला पटत नव्हतं. तसंच क्लासमधे समोरची पोरगी मैत्रीण आहे, खेळ चाललाय, हे माहीत असून छाती धडधडायला लागते नाहीतर माणूस जागेवर गोठून जातं. हा भित्रेपणा नाही.

ट्रॉमा-इन्फॉर्म्ड, म्हणजे असा धक्का बसलेल्या माणसाला समजून घेऊन शिकवणारा, असा बोर्ड लावलेला क्लास आपल्याकडं बहुतेक सापडणार नाही. बोर्डाची गरज पण नाही. अमेरिकेतल्या साम्सा (SAMHSA) या मानसिक आरोग्य आणि व्यसनांवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेनं 2014 ला यासाठी सहा तत्त्वं मांडली, त्यातली आपल्या कामाची म्हणजे सुरक्षितता, विश्वास आणि स्वतःचं म्हणणं मांडायची-निवडायची मोकळीक. क्लासच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही थांबा म्हणलात की समोरचा थांबतो का, एवढं बघायचं. बाकी सरांकडं कितवा डॅन (ब्लॅक बेल्टची पायरी) आहे आणि भिंतीवर मेडल किती आहेत ते नंतर.

हे फोनवर कळत नाही, जाऊन बसावं लागतं. जिल्हा क्रीडा संकुलात म्हणा, शाळेच्या ग्राउंडवर म्हणा, एक पूर्ण बॅच बघत बसा. सर हात-पाय नीट करायला पोरींना न विचारता धरतात का, की आधी सांगतात? एखादी म्हणली मला हे नाही करायचं, तर काय होतं? "कामून रडायलीस, इथं रडणाऱ्याचं काम नाही" असं चारचौघात ऐकवणारे सर असतील तर कितीही नावाजलेले असू द्या, आपल्या कामाचे नाहीत. उशीर झाला म्हणून छडी, चुकलं म्हणून शंभर उठाबशा, हे पण बघून ठेवा. आपल्या गावांमधे बॅच बहुतेक लहान पोरांच्या असतात त्यामुळं आरडाओरडा लई, मोठ्या बायकांची वेगळी किंवा सकाळची बॅच आहे का ते विचारा.

सरांशी बोलताना सगळी कहाणी सांगायची अजिबात गरज नाही. परभणी काय न् जालना काय, सरांची बायको तुमच्या मावशीच्या भिशीत निघायला वेळ लागत नाही. एवढंच म्हणा, "सर, मला मागून कुणी धरलं की त्रास होतो. हात लावायच्या आधी विचारत जा, आणि मी हात वर केला की तिथंच थांबायचं." का म्हणून खोदून विचारलं तर "जुना त्रास आहे" इथंच संपवायचं. चांगले सर पुढचं विचारत नाहीत. लाइट गेली तर काय करतात हे पण विचारून घ्या, आपल्याकडं संध्याकाळी लाइट जातेच आणि बंद हॉलमधे एकदम अंधार झाला की भल्याभल्यांची हालत होते.

आता काय शिकायचं. माझं मत विचाराल तर सुरुवात कराटे किंवा तायक्वांदोनं करा, कारण पहिले काही महिने बरंचसं काम एकट्याचं, उभं राहणं, पंच, किक, काता (ठरलेल्या हालचाली ओळीनं करणं), कुणी अंगाला लागत नाही. ज्युदोत आणि कुस्तीत पकड लवकर येते, अंगावर वजन येतं, खाली दाबलं जातं, ते ज्याला झेपेल त्यानं घ्यावं. पण ज्युदोतली एक गोष्ट मला लई आवडते, हातानं दोनदा थोपटलं की समोरच्याला सोडावंच लागतं, तो नियमच आहे. ही सवय कुठल्याही क्लासमधे पहिल्या दिवशीच पार्टनरसोबत करून घ्या, आधी हलकेच मनगट धरायला लावायचं, थोपटायचं, सुटायचं, परत तेच, अंगाला कळेपर्यंत की आपण म्हणलं की सुटतो. मग पॅडवर मारणं, मग ओळखीच्या पार्टनरसोबत सावकाश, आणि गळ्याची पकड, जमिनीवरचं काम एकदम शेवटी. नाही केलं तरी चालतं.

उभं राहताना दरवाजा दिसेल अशी जागा धरा. मधेच घाबरायला झालं तर बाजूला होऊन तळपाय जमिनीवर दाबा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. त्या दिवशी परत मॅटवर गेलंच पाहिजे असं काही नाही, बसून बघितलं तरी क्लास झाला. पोरं मारताना जोरात ओरडतात त्याला किआई म्हणतात, काहींना स्वतः ओरडून मोकळं वाटतं आणि काहींना दुसऱ्याचं ओरडणंच सहन होत नाही, सुरुवातीला मागच्या रांगेत राहा.

क्लास हा उपचार नाही बरं का. झोप लागत नाही, तेच तेच डोळ्यासमोर येतं, जीव नकोसा वाटतो असं असेल तर आधी डॉक्टर, संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईला स्वाराती ही सरकारी हॉस्पिटलं, नाहीतर तुमच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलता येतं. आणि त्रास देणारा माणूस अजून घरातच असेल तर पंच शिकून त्याच्यासमोर उभं राहायचा प्लॅन करू नका, 181 ही महिला हेल्पलाइन आहे आणि जिवावर बेतलं तर तातडीच्या मदतीचा 112.

राहिलं पैशाचं आणि मोबाइलचं. फी महिन्याचीच भरा, वर्षाची भरली की न पटणाऱ्या क्लासला पण माणूस पैशापायी जात राहतं. क्लासच्या पेजवर रील टाकायची फॅशन झालीय, माझा व्हिडिओ काढायचा नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. आणि ड्रेसची घाई नको, महिनाभर ट्रॅक पँट आणि लांब टी-शर्टवर भागतं, नाही चालत म्हणले तर का नाही ते विचारा, आणि उत्तर कसं देतात ते बघा.